आधी जिना मोजा, मग सोफा मागा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली ८४ फ्लॅटची जुनी सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. चार महिन्यांत घरं रिकामी करायची आहेत. बहुतेकजण तात्पुरते भाड्याच्या लहान घरात जाणार, त्यामुळे चालू फ्रिज, पलंग, कपाटं, सोफे असं बरंच सामान मागे उरणार. ते भंगारात घालायचं जिवावर येतंय. पाच-सहा रहिवाशांनी मिळून ते गरजू कुटुंबांना द्यायचं ठरवलंय. क्लब हाउसमध्ये सामान जमवायला सुरुवात करावी का, आणि कुटुंबं कुठून शोधायची?

क्लब हाउसमध्ये अजून एक खुर्चीसुद्धा आणू नका. जागा दिसली की लोक सामान आणून टाकतात, आणि एकदा टाकलेलं सामान कुणीही परत नेत नाही. पंधरा दिवसांत तिथे तुटका ट्रेडमिल, तीन पायांचं टेबल आणि कुणाच्या तरी लग्नातली रुखवताची काचेची पेटी येऊन बसेल. खरोखर उपयोगी फ्रिज आला, तर तो ठेवायला जागा उरणार नाही. मी हे काम चौदा वर्षं करतेय. पहिली दोन वर्षं आम्हीही असंच उलट्या टोकाने केलं आणि त्याची किंमत दुसऱ्यांना मोजायला लावली.

पहिल्याच वर्षी एका बंगल्यातून साडेसहा फुटी लोखंडी कपाट मिळालं. आरसा, लॉकर, रंगसुद्धा शाबूत. पर्वतीच्या उतारावरच्या एका वस्तीतल्या बाईंना ते द्यायचं ठरलं. त्यांनी फोनवर आनंदाने हो म्हटलं. छोटा हत्ती ठरवला, चार माणसं घेतली, मुख्य रस्त्यापासून वर चढायला लागलो. पहिली गल्ली पार पडली. दुसऱ्या वळणावर एका बाजूला शेजाऱ्यांच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला उघडं गटार, मध्ये सव्वादोन फूट जागा. कपाट तीन फूट रुंद. आडवं केलं तरी वळेना, उभं केलं तर वरच्या वायरींना लागे. पाऊण तास खटपट करून ते कपाट आम्ही परत खाली आणलं. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सकाळपासून कोपरा रिकामा करून ठेवला होता, आणि घरातली पत्र्याची पेटी आदल्या दिवशीच जावेला देऊन टाकली होती. आमच्यामुळे त्यांच्याकडे होती ती पेटीही गेली. त्या दिवसापासून कपाटाआधी गल्ली मोजल्याशिवाय आम्ही कुठलीच वस्तू हलवत नाही.

म्हणून तुमचा पहिला महिना मागणी गोळा करण्यात घालवा. देणारे ८४ तुमच्या शेजारीच आहेत, ते कुठे पळून जात नाहीत.

कुटुंबं शोधायला व्हॉट्सॲपवर ‘गरजूंनी संपर्क साधावा’ असा निरोप फिरवू नका. त्याने सगळ्यात आधी फोन येतात ते जुना माल घेऊन विकणाऱ्यांचे. ज्या घराला खरंच गरज आहे त्या घरातल्या बाईला असा निरोप पोचतही नाही आणि पोचला तरी ती फोन करत नाही. ज्यांचं रोजचं येणंजाणं घराघरांत आहे त्यांना गाठा. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना कुणाच्या घरात बाळंतीण जमिनीवर झोपतेय हे माहीत असतं. महापालिकेच्या शाळेतल्या बाईंना माहीत असतं, कोणतं पोर गृहपाठ पोळपाटावर वही ठेवून करतं. सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ नावाचं पद असतं. अंथरुणाला खिळलेला रुग्ण घरी पाठवताना त्याला कॉट आहे का, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोज असतो. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ पासून आहे, आणि तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदारचा कचरा उचलते. तुमच्या सोसायटीत रोज येणाऱ्या ताई बहुधा त्यांच्यापैकीच असतील, त्यांनाच विचारा. शिवाय दोन गट असे आहेत की ज्यांची आठवण सहसा कुणाला होत नाही. एक, महिला आश्रयगृहातून बाहेर पडून पहिल्यांदा स्वतःची खोली घेणाऱ्या बायका. दोन, बालगृहातून अठरा पूर्ण झाली म्हणून बाहेर पडणारी मुलंमुली. त्यातले काही अनुरक्षण गृहात, म्हणजे अठरा पूर्ण झालेल्यांसाठीच्या वसतिगृहात जातात, बाकीचे थेट भाड्याच्या खोलीत. त्यांच्या खोलीत पहिल्या रात्री अक्षरशः एक सतरंजी आणि बादली असते.

आणि या सगळ्यांच्या आधी, तुमच्या ८४ घरांत काम करणाऱ्या मावशी, वॉचमन, गाड्या धुणारी मुलं. त्यांना पहिला हक्क द्या, पण एक अट घाला: सोफा दिला म्हणून कुणीही दिवाळीचा बोनस किंवा शेवटच्या महिन्याचा पगार कापायचा नाही. हे मी उगाच लिहीत नाही, पाहिलेलं आहे.

मागणीचा कागद हातात आला की तुम्हाला धक्का बसेल, कारण लोक मागतात ते तुमच्याकडे नसतं आणि तुमच्याकडे असतं ते कुणी मागत नाही. आमच्या वहीत वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर आहे भांड्यांची स्टीलची मांडणी. भिंतीला टांगायची, ताटं उभी राहतात ती. त्यानंतर झाकणाचं पाण्याचं पिंप, टेबल फॅन, एकावर एक बसणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, फोल्डिंगची कॉट, मिक्सर, लहान कपाट, दोन शेगड्यांचा गॅस. सोफा फार खाली येतो. सहा बाय सहाचा डबलबेड जवळपास येतच नाही, कारण दहा बाय दहाच्या खोलीत तो ठेवला की उरलेल्या चार माणसांनी भिंतीला टेकून उभं राहायचं. तीच खोली दिवसा स्वयंपाकघर असते, संध्याकाळी अभ्यासिका आणि रात्री झोपायची जागा. दिवसा घडी होऊन भिंतीला लागते ती वस्तू तिथे कामाची. मांडण्या मात्र तुमच्या सोसायटीतल्या जुन्या स्वयंपाकघरांत भरपूर असतील. मॉड्यूलर किचन आलं तेव्हा त्या काढून माळ्यावर टाकलेल्या असतात. माळे रिकामे करताना तिथे नजर ठेवा.

प्रत्येक मागणीपुढे चार मापं लिहायची. दाराची रुंदी, जिन्याच्या किंवा गल्लीच्या सगळ्यात अरुंद वळणाची रुंदी, वस्तू ठेवायच्या जागेची लांबी-रुंदी, आणि छताची उंची. पुनर्वसनाच्या इमारतीत गेलेल्या कुटुंबांना दार पुरतं, पण लिफ्ट पुरत नाही. सहा फुटांचा दिवाण लिफ्टमध्ये तिरका बसतो की नाही हे आधी मोजलं नाही, तर सातवा मजला जिन्याने चढायचा. छताची उंची का, असं सगळे विचारतात. पत्र्याच्या छताखाली, शिवाय वर पोटमाळा असलेल्या खोलीत, छताचा पंखा लावला तर उंच माणसाचा हात पात्यात जाईल. तिथे भिंतीवरचा किंवा टेबल फॅनच हवा. तुमच्याकडे छताचे पंखे दोनशे निघतील, टेबल फॅन दहा. यासाठीच मागणीचा कागद आधी हवा.

आता सामानाकडे. लाकडी वस्तू बघताना ती कशाची आहे हे आधी ओळखा. सागवानाची जुनी खुर्ची, लोखंडी कॉट, जुन्या जाड प्लायचा दिवाण या वस्तू दोनदा-तीनदा उघडून जोडल्या तरी टिकतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत घेतलेलं, भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचं आणि वर चकचकीत सनमायका किंवा कागद लावलेलं कपाट मात्र पहिल्यांदा उघडलं की स्क्रूची भोकं सैल होतात. दुसऱ्या घरात ते डुगडुगतं, आणि फरशी ओली राहत असेल तर खालून फुगतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीचं पाणी ओसरल्यावर आम्ही तिकडे गेलो होतो. रस्त्याकडेच्या ढिगांत हेच बोर्डाचं फर्निचर पावासारखं फुगून पडलेलं होतं, आणि लोखंडी कॉट धुऊन पुसून पुन्हा दारात उन्हाला टाकलेल्या. बोर्डाचं कपाट द्यायचंच असेल, तर न उघडता जाईल अशा जवळच्या तळमजल्यावरच्या घरी द्या. लाकडाखाली बारीक पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर कीड आत जिवंत आहे. वाळवीची मातीची रेघ दिसली तरी तेच. असली वस्तू घ्यायची नाही.

ढेकणांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. एकदा एका वसतिगृहाला आम्ही आठ दिवाण दिले, त्यातला एक ढेकणांचा निघाला, आणि महिन्याभरात मुलींच्या तीन खोल्यांत ते पसरले. फवारणीचा खर्च आम्ही भरला, पण मुलींनी रात्री बसून काढल्या त्या काढल्याच. तेव्हापासून गादी, उशी आणि कापडी सोफा आम्ही ओळखीच्या घरातून, आणि तोही तपासूनच घेतो. तपासायचं असं: दिवाण भिंतीपासून ओढा, फळ्या काढा, बॅटरीचा उजेड तिरका पाडा. संपलेलं एटीएम कार्ड घ्या आणि सांध्यांच्या फटींतून, स्क्रूच्या डोक्यांजवळून, सनमायक्याच्या सुटलेल्या कडेखालून हळू फिरवा. कार्डाच्या कडेला काळे ठिपके आले आणि ओल्या बोटाने ते लालसर-तपकिरी पसरले, तर ती ढेकणांची विष्ठा. फिकट पिवळी सालीसारखी टरफलं दिसली तरी तेच. ‘घर सहा महिने बंद होतं, आता काय असणार’ हे ऐकून घेऊ नका, ढेकूण अनेक महिने उपाशी राहू शकतो. मे महिन्याच्या उन्हात ठेवण्याचा उपाय लोखंडी कॉटला चालतो, कारण लोखंड सगळीकडून तापतं. गादीत वरचा कापूस तापतो आणि ढेकूण आत सरकतात.

आता विजेच्या वस्तू. इथे माणूस जाऊ शकतो, म्हणून इथे भावनेला जागा नाही. तुमच्या गटात सेवानिवृत्त का होईना, एक वायरमन किंवा रिपेअरवाला हवाच. नसेल तर पैसे देऊन आठवड्याला अर्धा दिवस बोलवा. स्वयंसेवेच्या नावाखाली त्याचे पैसे बुडवू नका. आमच्याकडे एक काका आहेत, आयुष्यभर पंखे-मिक्सर दुरुस्त केलेले. ते कुठलीही आलेली वस्तू आधी सिरीजच्या बोर्डवर लावतात, म्हणजे मध्ये शंभर वॉटचा जुना बल्ब. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, वस्तू थेट लाइनवर लावायचीच नाही. मग बॉडी आणि वायर यांच्यात गळती आहे का ते बघतात. वस्त्यांमधल्या बऱ्याच खोल्यांत अर्थिंग नसतं किंवा नावाला असतं. तुमच्या फ्लॅटमध्ये वर्षानुवर्षं ‘थोडासा झिणझिण्या देणारा’ फ्रिज तिथल्या ओल्या फरशीवर अनवाणी पोराला जिवावर बेतू शकतो. ज्या घरी फ्रिज किंवा वॉशिंग मशीन द्यायचं, तिथलं सॉकेट आधी तपासायचं, आणि अर्थिंग नसेल तर ते करून देण्याचा खर्च वस्तूच्या हिशेबातच धरायचा.

पंख्याचं सांगते, कारण ते सगळ्यात सोपं आणि सगळ्यात समाधानाचं काम. ‘पंखा हळू फिरतो, मोटर गेली’ म्हणून लोक देऊन टाकतात. दहांतल्या बऱ्याच पंख्यांत मोटर ठणठणीत असते, कपॅसिटर थकलेला असतो. अडीच मायक्रोफॅरडचा, काडेपेटीएवढा तुकडा. तपकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळतो आणि बसवायला दहा मिनिटं लागतात. काका नवा बसवतात, एक हात पात्याखाली धरतात आणि ‘आता वारं आलं’ एवढंच म्हणतात. घरघर असेल तर बेअरिंग, बहुतेक पंख्यांना ६२०२ नंबरचं. मात्र रिवाइंडिंग, म्हणजे मोटरची तार नव्याने गुंडाळणं, लागणार असेल तर आम्ही थांबतो. ते पैसे जुन्यात घालण्यापेक्षा भर घालून नवा, तीस-पस्तीस वॉटचा बीएलडीसी पंखा घेतलेला बरा. जुना पंखा पंचाहत्तर वॉट खातो, आणि तो ज्या घरी जाणार तिथे तो उन्हाळ्यात अठरा तास फिरणार.

वीजबिलाचा हा मुद्दा देणाऱ्यांच्या डोक्यात कधीच येत नाही, आणि फ्रिजच्या बाबतीत तर तो निर्णायक ठरतो. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो. शंभर युनिटपर्यंत स्वस्त, त्यापुढच्या टप्प्यात युनिट जवळपास दुपटीने महाग. एका खोलीच्या घराचं बिल साधारण शंभर युनिटच्या आतबाहेर असतं. तिथे तुम्ही पंधरा वर्षांपूर्वीचा, तीनशे लिटरचा, दोन दारांचा फ्रिज दिला. आमच्याकडे प्लगमध्ये लावून युनिट मोजायचा छोटा मीटर आहे. असले जुने फ्रिज त्यावर दिवसाला दीड ते दोन युनिट दाखवतात. म्हणजे महिन्याला पंचेचाळीस ते साठ युनिट, तेही बहुतेक महागड्या टप्प्यात. फुकट मिळालेल्या फ्रिजचा हप्ता त्या घराने दर महिन्याला पाचशे-सहाशे रुपयांनी भरायचा. नवा, लहान, एका दाराचा फ्रिज दिवसाला अर्धा युनिटच्या आसपास खातो. दोन वर्षांपूर्वी एका ताईंनी आम्ही दिलेला मोठा फ्रिज बंद करून त्यात धान्याचे डबे ठेवले होते. उंदरांपासून सुरक्षित म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं, आमचं हिशेबाचं गणित चुकलं होतं.

आता आम्ही मोठे जुने फ्रिज कुटुंबांना देत नाही. लहान फ्रिज घेताना दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून दार लावतो. नोट ओढल्यावर सहज निसटली तर रबर गेलंय, गार हवा बाहेर जाते आणि कॉम्प्रेसर थांबत नाही. चोवीस तास चालवून, मीटरचा आकडा वहीत लिहून, तो आकडा घेणाऱ्यांना सांगूनच फ्रिज जातो. नेताना उभाच न्यायचा. आडवा न्यावाच लागला तर पोचल्यावर काही तास, शक्यतो रात्रभर, उभा ठेवून मग सुरू करायचा, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं. गॅस भरायची वेळ आली तर मागची पाटी वाचा. तिथे आर-६०० ए लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन आहे, स्वयंपाकाच्या गॅससारखा पेटणारा. ज्याला तो हाताळता येत नाही त्या मेकॅनिकला वेल्डिंगची बत्ती घेऊन मागे बसू देऊ नका.

वॉशिंग मशीनमध्ये सेमी-ऑटोमॅटिक हातोहात जातं, बादलीने पाणी भरता येतं म्हणून. पुढून उघडणाऱ्या मशीनला सतत दाबाने पाणी लागतं. दोन तास पाणी येणाऱ्या वस्तीत ते कपडे ठेवायचं कपाट होतं. आरओचंही तसंच, त्याचं फिल्टर बदलायचा खर्च आणि वाया जाणारं पाणी त्या घराला झेपत नाही. गॅस गिझर मी कधीच घेत नाही. लहान बंद मोरीत तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइडने मृत्यू. पाणी तापवायचा उघडा रॉडही नाही. गॅसची शेगडी घ्या, पण रबरी नळी नवी लावूनच द्या. ट्यूबचे जुने टीव्ही कुणी मागत नाही. त्यांच्या काचेत शिसं असतं, आणि तांब्यासाठी ती मान फोडली जाते. ते परवानाधारक ई-कचरा प्रक्रियाकेंद्राकडेच पाठवा. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. फुकट देण्याऐवजी पुढे दुरुस्त करून विकायचा विचार आला, तर नूतनीकरण करणाऱ्याची नोंदणी हा विषय त्यात येतो, तेव्हा आधी ते वाचून घ्या.

भंगारवाल्याबद्दल तुमच्या प्रश्नात थोडी नाराजी दिसली. ती सोडा. जे घरात जाऊ शकत नाही त्याचं लोखंड, तांबं, पितळ वेगळं होऊन पुन्हा वापरात येतं ते त्याच्यामुळे, आणि त्याचंही घर त्यावर चालतं. आमच्याकडे येणाऱ्या विजेच्या वस्तूंपैकी बऱ्याच शेवटी सुट्या भागांसाठी उघडल्या जातात आणि सांगाडा भंगारात जातो. त्याचे आलेले पैसे कपॅसिटर, नळ्या आणि टेम्पोला लागतात. बुधवार-रविवारचा जुना बाजारही आमच्या कामाचा भाग आहे. मिक्सरच्या जुन्या मॉडेलचं झाकण किंवा कपाटाचं हँडल तिथेच मिळतं.

पुनर्विकासातली एक अडचण आधीच सांगून ठेवते. दारं, खिडक्यांचे ग्रिल, सिंक, गिझर, नळ यांच्यावर तुमची नजर असेल. तोडकाम घेणारा ठेकेदार बहुतेक वेळा हा माल आपल्याला मिळणार हे धरूनच बिल्डरशी दर ठरवतो. ताबा दिल्यानंतर ग्रिल काढायला गेलात तर भांडण होईल. करारात काय लिहिलंय ते कमिटीकडून आत्ताच पाहून घ्या आणि हवं ते ताबा देण्याआधी, लेखी परवानगीने काढा.

खर्चाचं लपवू नका. वस्तू फुकट असते, पोचवणं फुकट नसतं. टेम्पो, चढ-उतार करणारी माणसं, दुरुस्ती, साठवणीची जागा. आम्ही देणाऱ्याकडून वाहतुकीचे पैसे मागतो, आणि कुणाला त्याचं आश्चर्य वाटलं तर शांतपणे सांगतो की आमच्याकडे रद्दीवाल्यासारखा काटा नाही. बहुतेकजण देतात. कुणी प्राप्तिकरात सवलत मिळावी म्हणून ८०जीची पावती मागेल. वस्तूरूप देणगीला ती सवलत नाही, फक्त पैशांच्या देणगीला आहे, तीही संस्था नोंदलेली असेल तर. साठवणीला पावसाळ्यात तळघर घेऊ नका. एका जुलैत आमच्या गाद्यांना बुरशी आली, त्या सगळ्या फेकाव्या लागल्या.

घेणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे का, यावर आमच्यात दहा वर्षं वाद चालू आहे. माझं मत असं, की नाममात्र रक्कम ठेवावी पण ती घेणाऱ्याने ठरवावी, आणि शून्य हेही उत्तर चालावं. बहुतेकजण काहीतरी देतात, आणि दिलं की वस्तू निवडताना मोकळेपणाने नखरे करतात. मला ते नखरे हवे असतात. ‘नको, हा रंग नको’ असं म्हणता आलं पाहिजे. एकदा आश्रयगृहातून बाहेर पडलेल्या एका मुलीला आम्ही छान, जवळपास नवा सोफा दाखवला. ती त्याच्याभोवती फिरली, बसली, उठली आणि म्हणाली, मला सोफा नकोच, मला दाराला आतून लावायची भक्कम कडी हवी. आम्ही दोन कड्या बसवून दिल्या. सोफा नंतर एका बालवाडीत गेला.

फोटो काढायचे नाहीत. वस्तूचे काढा, रिकाम्या कोपऱ्याचे काढा, पण डबा हातात धरून हसणाऱ्या बाईचा नाही. तिचा मुलगा तुमच्याच मुलांच्या शाळेत असू शकतो. आणि दिलं की दिलं. सहा महिन्यांनी जाऊन फ्रिज विकला तर नाही ना, असली तपासणी नको. विकला असेल तर त्या घराला फ्रिजपेक्षा त्या पैशांची गरज जास्त होती. फ्रान्समध्ये आबे पिएर या धर्मगुरूने १९४९ मध्ये एमाउस सुरू केलं. तिथे बेघर माणसं स्वतःच लोकांच्या घरचं टाकाऊ सामान गोळा करून, दुरुस्त करून, विकून आपलं पोट भरायला लागली. आपल्याकडे १९९९ साली दिल्लीत सुरू झालेल्या ‘गूंज’ने कपड्यांच्या बाबतीत तोच धागा धरला, गावाने श्रम करून रस्ता किंवा विहीर दुरुस्त करायची आणि कपडे त्याच्या मोबदल्यात घ्यायचे. दोन्हीकडे घेणारा हात पसरून उभा नाही. आमच्या कामात एवढं मोठं काही नाही, पण गेल्या वर्षीपासून सामान घेतलेल्या दोन बायका आमच्याकडे पगारावर तपासणीचं काम करतात. ढेकूण त्यांच्याइतके झटकन कुणालाच सापडत नाहीत.

आणखी काही गोष्टी, ज्या पुस्तकात सापडत नाहीत. स्वयंसेवकांना सुट्टी शनिवारी असते, पण लोखंडी कपाट शनिवारी घरात घ्यायला बरीच कुटुंबं तयार नसतात. वाद घालू नका, रविवारी न्या. अमावस्या आणि पितृपक्षातही नवीन वस्तू नको म्हणतात. मग दसऱ्याला आणि पाडव्याला एकदम गर्दी होते, टेम्पो आधी सांगून ठेवा. पलंग देताना ‘यावर कुणी गेलंय का’ असं विचारलं जातं. खरं सांगायचं. काहींना चालतं, काहींना नाही, आणि खोटं नंतर कळलं तर पलंग दारात येऊन पडतो. देव्हारे जवळपास कुणी घेत नाही, आपापले देव आपापल्या जागी. आणि कपाटं-दिवाण उचलण्याआधी घरमालकाला समोर उभं करून प्रत्येक खण, लॉकर, फळीच्या खालचा कागद बघायला लावा. आम्हाला आजवर पेन्शनच्या फायली, एफडीच्या पावत्या, एकदा नथ आणि एकदा कवळी सापडली आहे. कवळीसाठी आजोबा स्वतः रिक्षाने आले होते.

तुमच्याकडे चार महिने आहेत, तर पहिला महिना मागणी आणि मापं. दुसऱ्या महिन्यात ८४ घरांना एक साधा कागद द्या, त्यात वस्तू, वय, चालू की बंद, फोटो आणि ‘घर कधी सोडणार’ ती तारीख. ही तारीख सगळ्यात महत्त्वाची. लोक शेवटच्या आठवड्यापर्यंत फ्रिज वापरतात, तेव्हा तुमची सगळी वाहतूक शेवटच्या पंधरा दिवसांत कोंबली जाणार. शक्य तेवढं थेट घरातून घरात न्या, मध्ये क्लब हाउस नको. क्लब हाउस फक्त विजेच्या वस्तू तपासायला, एका टेबलापुरतं आणि कुलपात ठेवा. ८४ घरांतून पन्नास कुटुंबांची नीट सोय झाली तर ते चांगलं काम झालं असं मी म्हणेन. उरलेलं भंगारवाल्याला बोलावून, सगळ्यांसमोर भाव ठरवून द्या.

आणि मोजायची टेप पाच मीटरची घ्या. तीन मीटरची खोलीला पुरते, पण गल्लीच्या वळणावर तिरकं माप घ्यायची वेळ आली की नेमकी कमी पडते.